शरीरातील हाक : दाह, पांढऱ्या पेशी आणि कुष्ठरोग

(बी. ए. भाग २)

पायात बाभळीचा काटा मोडला नाही असा आपल्या वऱ्हाडातला माणूस विरळाच. काटा मोडतो त्या दिवशी नुसते खुपते. दुसऱ्या दिवशी मात्र ती जागा लाल होते, हात लावला तर ऊन लागते, सुजते आणि ठणकू लागते. घरातली वडील माणसे म्हणतात, "काटा पिकला." काट्यात उष्णता नव्हती, लाली नव्हती, सूजही नव्हती. मग हे सारे आले कोठून? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ज्या विषयापर्यंत पोचले, तोच या लेखाचा विषय आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सुटले. तरीही वार्षिक अंकासाठी हा विषय का घेतला, हे आधी सांगणे योग्य होईल. नांदगाव पेठच्या आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आबाजींच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकलेले आहे. ती दोन्ही बोटे सरळ होत नाहीत. ती तशी का झाली याचे घरातले उत्तर एक होते आणि पुस्तकातले दुसरेच निघाले. त्या दोन उत्तरांमधले अंतर मला फार महाग वाटते. म्हणून हा प्रपंच.

दाहाच्या चार खुणा

लाली, सूज, उष्णता आणि वेदना या दाहाच्या चार खुणा रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवल्या होत्या. खुणा ठाऊक होत्या, परंतु त्यांच्यामागे काय चालते हे समजायला पुढे अठराशे वर्षे लागली.

१८८२ साली इल्या मेच्निकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ इटलीतील मेसिना या बंदराच्या गावी राहत होता. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या आत हिंडणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मेच्निकॉफच्या मनात आले, या अळीला काटा टोचला तर काय होईल? त्याने गुलाबाचे काटे आणून तिच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काय, हिंडणाऱ्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! त्या अळीला रक्तवाहिन्या नसतात. तरी पेशींना काट्याची जागा बरोबर सापडली. जंतू गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी मेच्निकॉफला १९०८ साली पॉल एर्लिच यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे आपल्या पायातला काटा आणि मेच्निकॉफचा काटा यांची गोष्ट एकच आहे. काटा टोचला तेथे कोणीतरी हाक दिली आणि ती ऐकून पेशी धावल्या. ही हाक आवाजाची नव्हे, रसायनांची.

हाक पोचते कशी?

त्वचेखाली काही पेशी कायमच्या पहाऱ्यावर असतात. काट्यामुळे पेशी फुटल्या आणि काट्याबरोबर जंतू आत शिरले की या पहारेकरी पेशी निरनिराळी रसायने सोडतात. त्यांपैकी हिस्टामिनमुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त अधिक आले म्हणून ती जागा लाल आणि ऊन होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो, त्याची सूज येते. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तेथील मज्जातंतूंना हळवे करतात, त्यामुळे ठणका लागतो. सेल्ससच्या चारही खुणांचा उलगडा येथे होतो. काटा केवळ निमित्त आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना हे सर्व आपल्याच शरीराने केलेले आहे.

यानंतरची पायरी अधिक नवलाची आहे. रक्तात वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना नेमक्या त्याच ठिकाणी थांबवायचे असते. पुरात वाहत जाणाऱ्या माणसाने काठावरची झुडपे धरावीत तसे काहीसे घडते. त्या जागेच्या रक्तवाहिनीची आतली भिंत चिकट होते. पांढरी पेशी तिला घासत, लोळत लोळत सावकाश होते, मग घट्ट चिकटते आणि शेवटी भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते.

बाहेर आल्यावर तिला वाट दाखवतात ते केमोकाइन. हे अगदी लहान आकाराचे प्रथिन असते. माणसाच्या शरीरात असे सुमारे पन्नास प्रकार आहेत. त्यांपैकी इंटरल्यूकिन-८ हा १९८७ साली ओळखला गेला. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणे हे त्याचे मुख्य काम. पेशीच्या अंगावर या रसायनांना ओळखणारे ग्राही असतात. कुलपाला ठरावीक किल्ली लागावी तसे ठरावीक ग्राहीला ठरावीक केमोकाइन लागते. म्हणून प्रत्येक हाकेला प्रत्येक पेशी धावत नाही. न्यूट्रोफिलांना बोलावणारी हाक वेगळी, टी पेशींना बोलावणारी वेगळी.

दिशा कशी कळते? गुळाचा खडा कोपऱ्यात ठेवला तर मुंग्या वासाच्या मागाने येतात. पेशीही तसेच करते. जखमेजवळ रसायन दाट असते आणि दूर जावे तसे विरळ होते. पेशीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूस असलेला हा किंचित फरक तिला समजतो आणि ज्या बाजूस रसायन दाट त्या बाजूस ती अंग पुढे लोटते. तिचा वेग मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर. एक मिलिमीटर जायला तिला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. काही वेळा जंतू स्वतःच आपला पत्ता देतात. त्यांच्या प्रथिनांची सुरुवात आपल्या प्रथिनांहून वेगळ्या तऱ्हेने होते. त्यांचे तुकडे बाहेर पडले की न्यूट्रोफिल त्या खुणेवरूनही माग काढतात.

पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल येतात. ते जंतू गिळतात आणि तेथेच मरतात. काटा पिकल्यावर येणारा पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेते होत. एक-दोन दिवसांनी मोठ्या भक्षक पेशी येऊन ही प्रेते साफ करतात. काम झाले की हाका बंद होतात. किंबहुना "आता पुरे" असे सांगणारी वेगळी रसायनेही तयार होतात, आणि जागा पूर्ववत होते.

येथे एक गोष्ट मनात ठेवावी. गावात एखाद्या गोठ्याला आग लागली की ओरड होते आणि चारही वाटांनी माणसे घागरी, बादल्या घेऊन धावतात. आग विझते, परंतु धावणाऱ्यांच्या पायांखाली शेजारची उभी तूर तुडवली जाते. धावून येणारे शत्रू नसतात, पण नुकसान खरे असते. हाक वेळेवर थांबली तर तूर पुन्हा उभी राहील. ती थांबलीच नाही, तर आगीने झाले नाही एवढे नुकसान गर्दीने होते. ही गर्दी काय करू शकते याचे उदाहरण शोधायला आपल्याला अमरावती जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

तपोवन आणि त्यामागचा आजार

अमरावतीचे तपोवन आपणा सर्वांस ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे सर्वांचे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली तेथे श्री जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. कुष्ठरोग्याला घरातून आणि गावातून बाहेर काढण्याचा तो काळ. त्याच काळात दाजीसाहेबांनी या माणसांना निवारा, उपचार आणि हाताला काम दिले. १९८६ साली ते गेले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला १९३६ पासून हे काम आरंभिले होते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. परतवाड्याजवळ कोठारा येथेही कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय आहे. कुष्ठसेवेची इतकी केंद्रे विदर्भात व्हावीत, यावरून हा आजार येथे किती होता याची कल्पना येते.

आपल्याकडे या रोगाला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. पूर्वजन्मीचे पाप, रक्त नासणे, अंग सडणे अशा समजुती त्याला चिकटल्या होत्या. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन याने या रोगाचा जंतू दाखवून दिला. हा जंतू फार संथ. तो बारा-चौदा दिवसांत एकदा दुप्पट होतो. शरीरात शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला मुळात थाराच देत नाही. तो राहतो त्वचेत आणि मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींत. त्यामुळे चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. बोटे "झडतात" ती सडून नव्हे. बधिर हाताला भाजले, कापले तरी समजत नाही म्हणून जखमा होत जातात. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले आणि वाकलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या.

परंतु या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. हा जंतू स्वतः विष सोडत नाही. काही रुग्णांच्या शरीरात तर तो कोट्यवधींच्या संख्येने असूनही फारसा गाजावाजा होत नाही. हात-पाय-डोळे यांना अल्पावधीत होणारी मोठी इजा पुष्कळदा होते ती शरीराने जंतूविरुद्ध एकाएकी दिलेल्या हाकेमुळे. वैद्यकात याला कुष्ठरोगातील प्रतिक्रिया म्हणतात.

पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत टी पेशी जंतूंचे अंश ओळखतात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात. त्याने भक्षक पेशी चेतवल्या जातात. या चेतलेल्या पेशी सीएक्ससीएल-१० नावाचे केमोकाइन सोडतात, आणि ते आणखी टी पेशींना बोलावते. त्या आल्या की पुन्हा इंटरफेरॉन, पुन्हा हाक. असा हाकेला हाक देण्याचा क्रम चालतो. जुने फिकट चट्टे एकाएकी लाल होऊन फुगतात. त्वचेत हे घडले तर ती सुजते आणि कालांतराने ओसरते. मज्जातंतूचे मात्र तसे नाही. त्याच्याभोवती चिवट आवरण असते. आत गर्दी झाली की सुजायला जागा नसते, दाब वाढतो आणि तंतू चेंगरतो. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा तंतू असा चेंगरला की करंगळी आणि शेजारचे बोट वाकते.

माझ्या आबाजींचे तेच झाले.

औषध उलटले नव्हते

मी सहावीत असताना आबाजींच्या पाठीवर आणि हातांवर चट्टे निघाले. तपासणी होऊन वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात वाचता येणारी मीच. पाकिटावरची औषधांची नावे मी अडखळत वाचायची आणि रोज कोणती गोळी ते सांगायची. काही महिन्यांत त्यांचा रंग काळपट पडला. तोवर ठीक होते. मग एका आठवड्यात सगळे चट्टे लाल होऊन फुगले, कोपर दुखू लागले, हातातून विळा गळू लागला. पाहायला येणारा जो तो म्हणे, "गोया गरम हायेत, औषध उलटलं." आबाजींनी गोळ्या बंद केल्या. उरलेली पाकिटे ज्वारीच्या कोठीत गेली. कोणालाही विचारायला गेले नाही, कारण विचारायला जाणे म्हणजे आजार चारचौघांत सांगणे. पुन्हा दवाखाना गाठला तेव्हा वर्ष होत आले होते. गोळ्या पूर्ण झाल्या, रोग बरा झाला. बोटे राहिली ती राहिलीच.

आज मला समजते की औषध उलटलेले नव्हते. काळपट रंग हा क्लोफाझिमाइन या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम होता. औषध संपल्यावर तो हळूहळू निवळतो. आणि चट्टे लाल झाले ते शरीर जंतूला ओळखू लागले म्हणून. अशी प्रतिक्रिया उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही येऊ शकते. ज्या लक्षणांना आम्ही रोग वाढल्याची खूण मानले, ती धावून आलेल्या गर्दीची खूण होती. गोळ्या थांबवून आम्ही जंतूला मोकळीक दिली, आणि हाक थांबवणारे औषध मात्र घेतलेच नाही.

असे औषध आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पेशींना ही रसायने बनवण्यापासून रोखते. हाक मंदावली की गर्दी ओसरते, तंतूवरचा दाब कमी होतो. तंतूची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. जितका उशीर, तितकी आशा कमी. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने, प्रमाण हळूहळू उतरवीत घ्यायचे असते. मनाने सुरू करण्याचे किंवा मनाने सोडण्याचे ते नव्हे. आणि कुष्ठरोगाच्या मूळ गोळ्या त्याबरोबर चालूच ठेवायच्या असतात.

प्रतिक्रियेचा दुसरा प्रकारही आहे. त्यात अंगावर दुखऱ्या गाठी येतात, ताप भरतो आणि गाठींत न्यूट्रोफिल जमतात. याच्या उपचाराचा इतिहास विलक्षण आहे. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधामुळे अपंग बालके जन्मल्याने १९६१ साली ते बाजारातून काढून घेण्यात आले. पुढे थोड्याच वर्षांत जेरुसलेम येथील डॉ. शेस्किन यांनी वेदनेने झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णांना ते दिले, तेव्हा झोप तर आलीच, पण गाठीही विरल्या. हे का घडले याचा उलगडा १९९१ मध्ये होऊ लागला : हे औषध टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या रसायनाची निर्मिती कमी करते. गर्भवतींसाठी ते आजही तितकेच घातक आहे, म्हणून कडक देखरेखीशिवाय देत नाहीत. एकच औषध एकीकडे शाप ठरले आणि दुसरीकडे दिलासा, आणि त्या दिलाशाचे कारण हाकेच्या शास्त्रात सापडले.

एकाच रोगापुरते नव्हे

हा नियम कुष्ठरोगापुरता मर्यादित नाही. संधिवातात शत्रू नसतानाही सांध्यांत हाक चालूच राहते. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आपल्या अमरावतीस पुन्हा टाळेबंदी आणली, ते दिवस आपण विसरलो नाही. त्या आजारात पुष्कळ रुग्णांच्या फुप्फुसांना विषाणूइतकीच इजा दाहाने झाली. २०२० साली इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू कमी झाले, आणि ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना लाभ झाला नाही. म्हणजे हाक केव्हा हवी आणि केव्हा थांबवावी, याची वेळ ओळखणे हेच खरे वैद्यक.

समारोप

कुष्ठरोगावर तीन औषधांचा एकत्रित उपचार १९८० च्या दशकापासून आला. तो सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. सौम्य प्रकारास सहा महिने, अधिक चट्टे असल्यास बारा महिने. उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून लागण होण्याची भीती राहत नाही. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ साली कायद्यांतून वगळली गेली. परंतु रोग संपलेला नाही. नवे रुग्ण आजही सापडतात.

म्हणून माझी आपणास विनंती एवढीच. आपल्यापैकी अनेकजण माझ्यासारखे घरातले पहिले वाचणारे आहेत. पाकिटावरची अक्षरे वाचून दाखवणे म्हणजे वाचणे नव्हे, हे मला उशिरा कळले. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तपासायला न्या. गोळ्या चालू असताना चट्टे लाल झाले, कोपर किंवा गुडघ्याजवळ तंतू दुखू लागला, बोटांतली शक्ती गेली, डोळा मिटेनासा झाला, तर "औषध उलटले" असे म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा आणि गोळ्या थांबवू नका.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आबाजींना वाचून दाखवला. तारामाशाचे त्यांना नवल वाटले. शेवटी आपल्या वाकलेल्या बोटांकडे पाहत ते म्हणाले, "तवा कोनी सांगतलं असतं तं गोया कायले सोडल्या असत्या मी?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या कोणा आबाजीवर तो विचारण्याची पाळी येऊ नये, म्हणून हे लिहिले.